आभाराच्या ओळीत न मावलेले

मिरजेत स्टेशनवर उतरून एखाद्या नवख्या माणसानं ‘दवाखाना कुठं आहे?’ असं विचारलं, तर ‘कुठला?’ हा उलटा प्रश्न त्याला आधी ऐकावा लागतो. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशनचं रुग्णालय सुरू केलं, पुढं सरकारी मेडिकल कॉलेज आलं आणि त्यांच्या आजूबाजूला डॉक्टरांच्या पाट्यांची जी रांग लागली ती आजतागायत लांबतेच आहे. अशा गावात कंपाउंडरच्या घरी जन्मलेल्या आणि बरे मार्क पाडणाऱ्या मुलीला पुढं काय व्हायचंय, हे कुणी विचारत नाही. मलाही विचारलं नव्हतं.

बाबा एका जनरल प्रॅक्टिशनरच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मिक्श्चरच्या बाटलीवर डोसांची कागदी पट्टी चिकटवायची ही त्यांची खास कला. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची पट्टी कापायची, तिची घडी घालायची, कडेला कात्रीचे छोटे छोटे तिरके काप मारायचे; उलगडली की दोन्ही बाजूंना बरोबर सारख्या अंतरावर खाचा. एक खाच म्हणजे एक डोस. सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसून पट्ट्या कापायचे, आणि माझी खाच वाकडी गेली की ते पट्टी गुपचूप टोपलीत टाकायचे. डॉक्टरकाका आतून हाक मारायचे, “काय डॉक्टरीणबाई, आज किती पेशंट?” ती हाक मी लहानपणापासून ऐकत होते, त्यामुळं ती थट्टा आहे हे कधी वाटलंच नाही.

१९८९ साली मी बारावी झाले. तेव्हा प्रवेश परीक्षा नव्हती. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीच्या तीनशेपैकी मार्कांवर सगळं ठरायचं. मेडिकलची यादी लागली आणि माझ्या मार्कांच्या थोडी वरच संपली. दुसरी लागली, तीही. मग घरी माणसं यायला लागली. मयताच्या घरी येतात तशी यायची. दारात चपला काढतानाच आवाज खाली, आईकडे बघून मान हलवणं, चहा नको म्हणणं आणि मग घेणं. कुणी म्हणे आयुर्वेदाला टाका, कुणी होमिओपॅथीला, कुणी डेंटलला. एक वर्ष घरी बसवून पुन्हा परीक्षा देऊ दे, असंही एकानं सुचवलं. सगळे आमच्या भल्याचंच सांगत होते. पण बायॉलॉजी आवडणारी मुलगी डॉक्टर झाली नाही तर दुसरं काय काय करू शकते, हे त्या बैठकीत एकालाही ठाऊक नव्हतं.

डॉक्टरकाका एका संध्याकाळी स्वतः घरी आले. आमच्या भागात खासगी मेडिकल कॉलेजं नुकतीच निघाली होती आणि तिथं डोनेशनचा आकडा चालत असे. काका म्हणाले, “निम्मे मी घालतो. पोरगी डॉक्टर झाली की फेडेल.” त्यांच्या बोलण्यात उपकाराचा सूर नव्हता, मनापासून म्हणत होते. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब, मी पट्टी कापतो ती मापानं कापतो. हे माप मला झेपायचं नाही.” विषय संपला. मी त्यांच्याशी पुढचे काही दिवस बोलले नाही, आणि तेही मला समजावायला आले नाहीत. नंतर सरकारी खात्यात नोकरी लागली, पहिला पगार हातात आला आणि एका पैशाचंही देणं डोक्यावर नाही हे कळलं, तेव्हा त्या नकाराचा हिशेब माझा मला लागला. काका मात्र रागावले नाहीत. ‘डीएमएलटी तरी कर, लॅबचा डिप्लोमा,’ असं त्यांनी सुचवलं. माझ्या वर्गातल्या एकीनं ते केलंही. ती आज एका रक्तपेढीत रक्ताच्या पिशव्या तपासते, आणि तिच्या सहीशिवाय तिथून एक पिशवी हलत नाही.

मी सांगलीला बी.एस्सी.ला गेले. विषय झूलॉजी. पहिल्या प्रॅक्टिकलला सर आले, हजेरी घेतली आणि म्हणाले, “तुमच्यातले निम्मे मेडिकल हुकलेले आहात, मला माहीत आहे. सुतक पाळायचं असेल तर बाहेर जाऊन पाळा. इथं गांडूळ वाट बघतंय.” वर्गात हशा पिकला. निकालानंतर माझ्यासमोर कुणीतरी पहिल्यांदाच ‘अरेरे’ न म्हणता बोललं होतं.

पण हाताला वळण लावलं ते सरांनी नव्हे, मामांनी. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले परिचर. सातवी शिकलेले, खाकी पँट, कानाला कायम पेन्सिल. झुरळं पकडणं, क्लोरोफॉर्म देणं, ट्रेमधलं मेण वितळवून सपाट करणं ही त्यांची नेमून दिलेली कामं. झुरळाच्या लाळग्रंथी काढून त्यांची कायमची स्लाइड करायची हा आमच्या अभ्यासक्रमातला नावाजलेला छळ. झुरळ पाण्याखाली टाचून पाठीच्या ढाली एकेक उचलायच्या. खाली पांढरी चरबी असते, ती चिमट्यानं अलगद बाजूला करायची. अन्ननलिकेच्या फुगीर भागाला दोन्हीकडून बिलगलेल्या, पानांच्या घोसासारख्या दिसणाऱ्या त्या ग्रंथी, त्यांच्या पिशव्यांसकट न तुटता डोक्यापर्यंत सोडवून आणायच्या. माझ्या तुटायच्या. मामा मागून यायचे, ट्रेमध्ये डोकावायचे आणि म्हणायचे, “पाणी बदल आधी. गढूळ पाण्यात कापतीस व्हय?” पाणी बदललं की निम्मं काम झालेलं असायचं.

मग स्लाइड. वाढत्या प्रमाणाचं अल्कोहोल, मग लवंगेचं तेल, शेवटी कॅनडा बाल्समचा थेंब. कव्हरस्लिप एका कडेनं टेकवायची आणि सुईच्या आधारानं हळूहळू खाली सोडायची. घाई केली की आत हवा अडकते. मामा प्रत्येक स्लाइड खिडकीच्या उजेडात धरायचे. ‘बुडबुडा. परत.’ एवढंच. चांगली झाली तर काहीच बोलायचे नाहीत, खोक्यात ठेवून द्यायचे. आमच्या त्या खोक्यातल्या स्लाइड पुढच्या वर्गांना दाखवायला वापरल्या जात, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षी सरांनी आमची मुंबईला सहल नेली. राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय आणि परळची हाफकिन संस्था. सापाचं विष काढताना बघायला मिळेल म्हणून सगळे खूश होते. विष काढून झालं आणि सर त्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या आवारात आम्हाला थांबवून हाफकिनांबद्दल बोलले. वाल्डेमार हाफकिन ओडेसाचे. तिथं मेच्निकॉव्हच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकले, मग पॅरिसला पाश्चर संस्थेत गेले. मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांना इथं धाडलं, आणि १० जानेवारी १८९७ ला त्यांनी स्वतःची प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या या वास्तूत आली. “आणि या माणसाकडं,” सर म्हणाले, “वैद्यकाची पदवी नव्हती. झूलॉजीवाला होता.” पुढं १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवाल गावी लसीच्या एका बाटलीतून १९ माणसं धनुर्वातानं दगावली. दोष हाफकिनांच्या प्रयोगशाळेवर आला. ते डॉक्टर नसल्याचं अनेकांच्या मनात आधीपासून खुपत होतंच, ते तेव्हा उफाळून आलं. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. संस्थेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

एरवी असल्या गोष्टी ‘बघा, डॉक्टर न होताही माणूस मोठा होतो’ अशा थाटात सांगितल्या जातात. सरांनी ती तशी सांगितली नाही. मुलकोवालही सांगितलं. डॉक्टर नसलेल्या माणसानं आरोग्याच्या क्षेत्रात काम केलं तर चूक झाल्यावर आधी त्याच्या पदवीकडं बोट जातं, हेही आम्हाला तेव्हाच समजलं. ते पुढं कामाला आलं.

परत आल्यावर मी सरांना विचारलं, झूलॉजी करून नोकरी कुठं लागते? त्यांनी माझं जर्नल ओढून घेतलं आणि मागच्या पानावर पत्ते लिहून दिले. परळची हाफकिन, पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था, झूलॉजिकल सर्व्हेचं पुण्यातलं केंद्र, वर्सोव्याची मत्स्यशिक्षण संस्था, रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. “प्रत्येकाला पत्र टाक. नोकरी द्या असं लिहू नकोस. तुमच्याकडं झूलॉजीवाली माणसं दिवसभर काय करतात, एवढंच विचार.”

बहुतेकांचं उत्तर आलं नाही. पुण्याहून एक आलं. फुलस्केपचं एक पान, निळ्या शाईत, हातानं लिहिलेलं. आमच्याकडं कीटकशास्त्राचा विभाग आहे, आम्ही डास आणि गोचीड पाळतो, जंगलात जाऊन गोळा करतो, त्यांच्यात विषाणू शोधतो, एम.एस्सी.ला कीटकशास्त्र घ्या. मायक्रोस्कोपखाली बारीक काम करता येतं का ते स्वतःला विचारा. फिरतीची तयारी ठेवा. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. शेवटी सही, ती मला वाचता आली नाही. पुढं त्याच संस्थेत मी प्रकल्पावर काम केलं तेव्हा तिथल्या जुन्या माणसांना ते पत्र दाखवलं. त्यांनाही सही लागली नाही. माझ्या आयुष्याची दिशा ठरवणारा माणूस कोण होता, बाई होती की पुरुष, हे मला आजही ठाऊक नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या एम.एस्सी.च्या दोन वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. अभ्यास केला, पास झाले.

पुण्यात आंबेडकर रस्त्यावरच्या त्या विषाणू संस्थेची गोष्ट वेगळी. ती १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून उभी राहिली, वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्यानं. पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापानं फणफणली. आफ्रिकेतला पीतज्वर इकडं आला की काय, अशी धास्ती पडली. पुण्याहून गेलेल्या माणसांनी मेलेल्या माकडांतून आणि गोचिडांतून विषाणू वेगळा काढला, तो नवाच निघाला. नाव पडलं क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव असलेला विषाणूही याच संस्थेनं १९६५ मध्ये शोधला. या कामात डॉक्टर होतेच, पण जंगलातून गोचीड वेचून आणणारे, त्यांच्या जाती ओळखणारे, माकडांची नोंद ठेवणारे प्राणिशास्त्रवालेही होते, आणि त्यांच्यावाचून गाडी पुढं सरकली नसती.

त्या संस्थेत प्रकल्पावर असताना मी कसबा पेठेत एका मावशींकडं पेइंग गेस्ट होते. मी डासांवर काम करते हे त्यांना कळलं तेव्हा त्यांना वाटलं मी डास मारायच्या कंपनीत आहे. एकदा गच्चीवरच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. मी त्या स्टीलच्या वाटीत काढून टॉर्चच्या उजेडात मावशींना दाखवल्या. अळी श्वास घ्यायला शेपटाकडून वर येते, डोकं खाली लोंबतं, हे बघून त्या ‘अगं बाई’ म्हणाल्या आणि वाटी पुन्हा कधी स्वयंपाकघरात घेतली नाही. त्या दिवसापासून दर रविवारी वाड्यातली सगळी पिंपं रिकामी करून घासून उन्हात पालथी घालायचा त्यांनी फतवा काढला. वाड्यातले बाकीचे भाडेकरू माझ्यावर वैतागले. भाडं थकलं तर मावशी कधी बोलल्या नाहीत, आणि पहाटे फिरतीवर निघाले की डब्यात दशम्या बांधून द्यायच्या. प्रकल्पावरच्या पगाराचा काही भरवसा नसे. त्या दशम्या नसत्या तर पहिल्या वर्षातच मी मिरजेला परतले असते.

नंतर राज्याच्या हिवताप विभागात नोकरी लागली आणि मी गडचिरोलीत गेले. महाराष्ट्रातला मलेरिया बघायचा तर तेव्हा तिथंच जावं लागायचं. तिथं मला भाऊ भेटले.

भाऊ कीटक समाहारक होते. हे पद आरोग्य खात्यात खरोखरच आहे आणि डास पकडून आणणं हेच त्याचं काम. माझ्याकडं एम.एस्सी.चं प्रमाणपत्र होतं, भाऊंकडं बारावीचं. पहाटे साडेचारला धानोऱ्याच्या बाजूच्या एका पाड्यावर गोठ्यात शिरलो आणि मी टॉर्च सरळ भिंतीवर मारला. “मॅडम, असा नका मारू. उडते तो. खालून आणा, हळूहळू.” टॉर्चचा झोत जमिनीवरून भिंतीकडं रांगत नेला की विसावलेला डास जागचा हलत नाही. मग काचेची नळी त्याच्यावर अलगद धरून रबरी नळीनं तोंडानं हवा ओढायची. नळीच्या आत मलमलचा तुकडा ताणलेला असतो, नाहीतर डास थेट घशात. माझ्या नळीतला तुकडा सैल आहे हे भाऊंनी निघतानाच बघितलं होतं आणि न बोलता बदलून दिला होता. टांगलेल्या कपड्यांमागं, पाट्यांच्या खाली, गोणपाटाच्या घडीत, गुरांच्या पोटाखालच्या अंधारात कुठं बघायचं, ते त्यांनी दाखवलं. एका माणसाला एका तासात किती डास सापडले यावर त्या गावाचा आकडा काढतात. भाऊंनी कधी एक डास वाढवून लिहिला नाही की कमी केला नाही, आणि साहेबांना जास्त आकडा आवडत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं.

डास ओळखायचं ते पुस्तकातून नव्हे, बसण्याच्या ढबीवरून. ॲनॉफिलीस भिंतीला टेकताना शेपूट उचलून तिरका बसतो, क्युलेक्स भिंतीला समांतर. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण ॲनॉफिलीसमधला क्युलिसिफेसीस कुठला आणि निरुपद्रवी कुठला, याचा अंदाज भाऊ नळीत असतानाच बांधायचे आणि मायक्रोस्कोपखाली तो क्वचितच चुकायचा.

परत आल्यावर माझं काम सुरू व्हायचं. डासाची मादी सलाइनच्या थेंबात ठेवायची, दोन सुयांनी पोटाची शेवटची दोन वलयं हळूच ओढायची. अंडाशय बाहेर येतात. ते सुकवून बघितले की त्यांच्यावरच्या श्वासनलिकांची टोकं दिसतात. ती टोकं गुंडाळलेली असली तर मादीनं अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत, म्हणजे ती तरुण आहे. उलगडलेली असली तर एकदा तरी घातली आहेत. अंडी घातलेल्या माद्यांचं प्रमाण जास्त म्हणजे डास जास्त दिवस जगताहेत, म्हणजे त्यांच्या पोटात मलेरियाच्या परजीवीला वाढायला वेळ मिळतोय. फवारणी चालली की नाही, हे त्या गुंडाळीवरून कळतं. पहिल्यांदा केलं तेव्हा थेंब गढूळ झाला आणि मी न सांगता तो बदलला. सांगलीचे मामा आठवले.

अशा कामांचे पुढं शोधनिबंध होतात. त्यांवर आमच्यासारख्यांची नावं येतात, पहिलं नाव कुणाचं यावरून रुसवेफुगवे होतात. शेवटी आभाराची एक ओळ असते, तिच्यात ‘क्षेत्रीय कर्मचारी’ असे दोन शब्द. भाऊ त्या दोन शब्दांत. निवृत्त होईपर्यंत ते कीटक समाहारकच राहिले. आरोग्य खात्यात डॉक्टर नसलेल्यांची उतरंड असते, आणि त्या उतरंडीत मी भाऊंच्या बरीच वर होते. मीटिंगमध्ये मात्र टेबलाच्या शेवटच्या टोकाला. साथीच्या बैठकीत ‘कीटकशास्त्राचं नंतर बघू’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते आलं की मी चहा मागवते. ते नंतर हमखास येतं, फक्त तोवर पेशंट वाढलेले असतात.

२०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला. म्हणजे तोच क्यासनूरचा आजार. आदल्या वर्षी शेजारी गोव्यात सत्तरीत दिसला होता. पुस्तकात वाचलेला, पुण्यात ज्याचे किस्से ऐकले तो आजार काजूच्या बागांत येऊन बसला होता. आम्ही गोचीड गोळा करायला गेलो. त्याची रीत अगदी साधी आहे. पांढऱ्या फ्लॅनेलच्या तुकड्याला काठी बांधायची आणि पालापाचोळ्यावरून तो ओढत चालायचं. पायांत मोजे पँटवर चढवलेले, उघड्या अंगाला तेल. थोडं चाललं की फ्लॅनेल उलटून बघायचं. मिलिमीटरभराची पिल्लं त्यावर चिकटलेली असतात, ती ओल्या ब्रशनं उचलून कुपीत टाकायची आणि कुपीवर जागा आणि वेळ लिहायची. पिल्लंच माणसाला चावतात आणि ती कोरड्या दिवसांत असतात. नेमके तेच काजू वेचायचे दिवस.

जिथं माकड मेलं तिथं गोचीड जास्त असणार, म्हणून आम्ही त्या जागांवर रोख ठेवला होता. एका घरासमोर पाणी प्यायला थांबलो. तिथल्या काकींनी फ्लॅनेल बघितलं, आम्ही काय करतो विचारलं आणि गोठ्याकडं बोट केलं. गोठ्यात कोरड्या पानांचा थर होता, रानातून आणून गुरांखाली पसरलेला. मी म्हटलं, सध्या पातेरा आणू नका. काकी म्हणाल्या, “पातेरो नाय हाडलो तर गुरां खंय बसतली, बाय?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण फ्लॅनेल घेऊन आम्ही गोठ्यात शिरलो आणि तिथं आम्हाला गोचीड मिळाले. ताप आलेल्यांतली काही माणसं जंगलाकडं फिरकलीही नव्हती, याचा उलगडा त्या गोठ्यात व्हायला लागला. त्यानंतर प्रत्येक घरी आम्ही पातेऱ्याबद्दल विचारू लागलो. तोही शोध अहवालात आमच्या नावावर आहे.

अलीकडं मे-जूनमध्ये ओळखीचे लोक मुलांना घेऊन येतात. आता ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा आहे. २०२४ मध्ये २३ लाखांवर मुलं बसली आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत. म्हणजे बहुतेकांना ती मिळणार नाही हे आधीच ठरलेलं, तरी निकालानंतर घरोघरी तेच सुतक. मी त्यांना ‘डॉक्टर झाला नाहीस तरी माणसांचे जीव वाचवशील’ असलं काही सांगत नाही; डासाचा अंडाशय ओढताना कुणाचा जीव वाचवल्यासारखं वाटत नाही, मान दुखते. मी विचारते, तुला शिळ्या भाकरीवरची बुरशी बघावीशी वाटते का? मग मायक्रोबायॉलॉजी. तासन्‌तास एका जागी बसून मोजता येतं का? मग रक्तपेढी, पॅथॉलॉजीची लॅब, फॉरेन्सिक. समुद्र आवडतो का? शिरगाव आहे. शेतात राबायची तयारी असेल तर कृषी विद्यापीठ. गव्हाचं एकेक वाण उभं करायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं, ते चालेल का, स्वतःला विचार. संशोधनाचीच ओढ असेल तर पुण्याला आयसर आहे, त्याची परीक्षा वेगळी असते, ती नीटबरोबरच दे, नंतर नको. आणि गावोगाव हिंडायची, पहाटे गोठ्यात शिरायची तयारी असेल तर पुद्दुचेरीला व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राचा अभ्यासक्रम आहे. आईबाप हे ऐकताना माझ्याकडं बघत नाहीत, माझ्या भिंतीकडं बघतात. तिथं डॉक्टरची पाटी नाही. मुलं मात्र अधूनमधून ऐकतात. एकीला मी फाइलमधलं ते निळ्या शाईचं पत्र दाखवलं. तिनं मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि सही मोठी करून बघितली. तिलाही लागली नाही.

मामा निवृत्त होऊन मालगावला मुलाकडं असतात. दोडामार्गच्या दौऱ्यानंतर मी स्पिनिजेरा जातीच्या गोचिडाच्या पिल्लाची एक कायमची स्लाइड त्यांच्यासाठी केली. हा तोच गोचीड, जो मुख्यत्वे हा आजार पसरवतो. मामांचा दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू मिरजेतच काढलेला. त्यांनी स्लाइड हातात घेतली, अंगणात गेले, उन्हाकडं धरली. बराच वेळ बघितली. सून चहा घेऊन आली तरी बघतच होते. मग माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, “डाव्या पायापाशी बुडबुडा आहे. परत कर.”

मी दुसरी केली. ती त्यांनी घेतली, खिडकीत धरली आणि कपाटातल्या खोक्यात ठेवून दिली.